कर्करोगाच्या पेशीचं वर्म कसं शोधायचं: लॅपटॉपपासून प्लेटपर्यंत

क्रिस्टल व्हायोलेट या उरलेल्या पेशींना जांभळं करणाऱ्या रंगाने रंगवलेली, सहा खळगे (वेल) असलेली एक सिक्स-वेल प्लेट डोळ्यांसमोर आणा. वरच्या ओळीत एसडब्ल्यू-४८० नावाच्या सेल लाइनच्या (म्हणजे लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाच्या) पेशी, खालच्या ओळीत एचसीटी-११६च्या. दोन्ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या. पहिल्या वेलमध्ये कुठलंच कामाचं जनुक तोडलेलं नाही, दुसऱ्यात सगळ्याच पेशींना लागणारं एक जनुक तोडलंय, तिसऱ्यात डब्ल्यूआरएन हे जनुक तोडलंय. पहिली वेल वर-खाली दोन्हीकडे गर्द जांभळी. दुसरी दोन्हीकडे कोरी. तिसरी मात्र वर गर्द जांभळी आणि खाली जवळजवळ पारदर्शक, कडेला चार-सहा ठिपके काय ते उरलेले.

हा सगळा लेख त्या तिसऱ्या वेलपर्यंत कसं पोचायचं याबद्दल आहे.

तोडल्यावर पेशी मरतात अशी जनुकं शेकड्यांनी सापडतात, त्यांत नवल नाही. डोक्यात गदा बसली तर कुणीही कोसळेल. मांडी हे वर्म होतं ते एकट्या दुर्योधनाचं. आपल्याला शोधायचंय ते असं जनुक, की जे तोडल्यावर विशिष्ट बिघाड असलेल्या पेशी मरतात आणि तो बिघाड नसलेल्या पेशी निवांत वाढत राहतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगते: मेलेल्या पेशी मोजाच, पण कोण जगलं ते आधी बघा. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नावर उभी आहे.

जीवशास्त्र, बायोटेक किंवा बायोइन्फर्मॅटिक्सच्या एम.एस्सी.-पीएचडीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. पहिल्या निम्म्या कामाला लॅब लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि थोडं पायथन किंवा आर पुरतं.

आधी कल्पना पक्की करा

एखाद्या गावाला नळाचं पाणी येतं आणि गावात विहीरही आहे. विहीर बुजली तरी गाव चालतं. पण ज्या गावाची नळयोजना आधीच बंद पडली आहे, तिथे विहीर बुजवली की गाव उठलंच. पेशीतही एका कामाला बहुतेक वेळा दोन वाटा असतात. कर्करोगाच्या पेशीने वाढण्याच्या नादात एक वाट गमावलेली असते. दुसरी आपण बंद करायची. याला सिंथेटिक लेथॅलिटी म्हणतात. हा शब्द थिओडोसियस डोबझान्स्की यांनी १९४६ मध्ये फळमाशीवरच्या कामात वापरला. कर्करोगाच्या औषधांसाठी ही वाट धरावी असं लेलँड हार्टवेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. २००५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं की बीआरसीए जनुकं बिघडलेल्या पेशी पार्प हे एन्झाइम अडवलं की मरतात. त्यातून आलेल्या ओलापॅरिबला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

उदाहरण म्हणून आपण पार्प घेणार नाही, त्यावर भरपूर लिहून झालंय. आपण डब्ल्यूआरएन घेऊ. कारण ते मोठ्या, खुल्या डेटातून वर आलं आणि तोच शोध तुम्ही घरी बसून पुन्हा करून बघू शकता.

पायरी १: प्रश्न बिघाडापासून सुरू करा

'आतड्याच्या कर्करोगात काय लक्ष्य करता येईल?' हा प्रश्न फार पसरट आहे. 'डीएनएच्या प्रती काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्या पेशींत बंद आहे, त्या पेशी कशावर अवलंबून आहेत?' हा प्रश्न कामाचा. ही यंत्रणा म्हणजे मिसमॅच रिपेअर. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही तिची चार मुख्य प्रथिनं. ती बंद पडली की डीएनएतले छोटे पुनरावृत्तीचे तुकडे, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट, पेशीगणिक लांब-आखूड होत जातात. या अवस्थेला एमएसआय म्हणतात. ज्यांची यंत्रणा शाबूत, त्या एमएसएस. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के एमएसआय असतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि जठराच्या कर्करोगातही हे आढळतं.

बिघाड निवडताना दोन गोष्टी तपासा. तो पुरेशा सेल लाइन्समध्ये आहे का, आणि रुग्णाच्या गाठीत तो ओळखण्याची चाचणी आहे का? दुसरी गोष्ट लोक शेवटी आठवतात. चाचणीच नसेल, तर वर्म सापडूनही औषध कुणाला द्यायचं हे कळणार नाही.

पायरी २: डेटा उतरवून घ्या

ब्रॉड इन्स्टिट्यूटचा 'प्रोजेक्ट अकिलीस' आणि इंग्लंडच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटचा 'प्रोजेक्ट स्कोअर' या दोन्ही प्रकल्पांनी शेकडो सेल लाइन्समध्ये क्रिस्परने, म्हणजे ठरवलेल्या जागी डीएनए कापणाऱ्या तंत्राने, एकेक जनुक तोडून बघितलं आहे. आता हे सगळं 'डेपमॅप' या संकेतस्थळावर एकत्र आणि मोफत मिळतं. हजाराहून अधिक सेल लाइन्स, प्रत्येकीत सुमारे १८,००० जनुकं.

तुम्हाला सुरुवातीला तीनच फाइली हव्यात: जनुक तोडल्याच्या परिणामाचा तक्ता, सेल लाइन्सच्या माहितीचा तक्ता, आणि जीनोमच्या एकंदर खुणांचा तक्ता, ज्यात एमएसआयचा गुण असतो. आवृत्तीचं नाव वहीत लिहून ठेवा, म्हणजे '२४क्यू२', '२४क्यू४' असं जे असेल ते. आवृत्तीगणिक आकडे थोडे बदलतात आणि सहा महिन्यांनी तुमचाच आलेख तुम्हाला पुन्हा काढता आला पाहिजे.

ही फाइल एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेलमध्ये जास्तीत जास्त १६,३८४ स्तंभ मावतात आणि इथे प्रत्येक जनुकाला एक स्तंभ आहे. शेवटची दीड-दोन हजार जनुकं कापली जातील आणि सेव्ह केलंत की कायमची गेली. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखाही करून टाकतं. या त्रासापायी 'मार्च१', 'सेप्ट१' अशा जनुकांची नावं अधिकृतपणे बदलावी लागली. पायथनमध्ये पांडाज घ्या, किंवा आर. तिन्ही तक्ते सेल लाइनच्या नावावर जोडू नका. 'एसीएच'ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर जोडा. नावात कुठे रेघ असते, कुठे नसते, आणि तेवढ्यावरून पाच-दहा लाइन्स गुपचूप गळतात.

पायरी ३: आकडा वाचायला शिका

तक्त्यातल्या आकड्याचा अर्थ असा: शून्य म्हणजे ते जनुक तोडून पेशीला काहीच झालं नाही. उणे एक म्हणजे सगळ्याच पेशींना लागणाऱ्या जनुकांचा मधला परिणाम, म्हणजे पेशी गेल्यातच जमा. हे गुण 'क्रोनॉस' नावाच्या पद्धतीने काढलेले असतात.

कच्च्या मोजणीवर गुण का काढावा लागतो, हे समजून घ्या. क्रिस्परमधलं कॅस९ हे प्रथिन डीएनए कापतं. एखाद्या पेशीत गुणसूत्राच्या एका भागाच्या वीस-वीस प्रती झाल्या असतील, तर तिथलं कुठलंही जनुक कापताना एकदम वीस ठिकाणी काप बसतो आणि पेशी त्या जखमांनीच मरते. जनुक बिचारं निर्दोष असतं. २०१६ मध्ये हे लक्षात आलं आणि तेव्हापासून प्रतींच्या संख्येची दुरुस्ती करून गुण दिले जातात. तरीही एखादं जनुक फार आकर्षक दिसलं, तर त्याच्या शेजारच्या दोन-चार जनुकांचे गुणही बघा. शेजारीपाजारी सगळेच 'घातक' दिसत असतील तर संशय घ्या.

आता कुठलंही गणित करण्याआधी डब्ल्यूआरएनचा हिस्टोग्राम काढा. बहुतेक सेल लाइन्स शून्याच्या आसपास गर्दी करून उभ्या दिसतील आणि डावीकडे एक छोटं टोळकं वेगळं पडलेलं दिसेल. ते टोळकं रंगवा: एमएसआय लाल, एमएसएस राखाडी. डावीकडचं टोळकं लाल होतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तो आलेख दाखवायला जवळ कुणी नव्हतं याचं मला खरंच वाईट वाटलं.

पायरी ४: तुलना करा आणि खोट्या विजयांना गाळा

सेल लाइन्सचे दोन गट करा. प्रत्येक जनुकासाठी दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक काढा आणि वेल्चची टी-टेस्ट लावा. मग लगेच बहुचाचणीची दुरुस्ती करा. १८,००० जनुकांवर ०.०५चा निकष लावला, तर निव्वळ योगायोगाने सुमारे ९०० जनुकं 'महत्त्वाची' ठरतील. बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत पायथनमध्ये एका ओळीत होते. न करण्याचं काही कारण नाही.

यादी आली की तीन चाळण्या लावा.

पहिली: एमएसएस गटातही गुण उणे अर्ध्याच्या खाली असेल, तर जनुक बाजूला ठेवा. फरक कितीही ठसठशीत असो, ते सगळ्यांनाच लागतं. कोण जगलं, हा प्रश्न इथे विचारायचा.

दुसरी चाळणी अवयवाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एमएसआय लाइन्स आतडं, गर्भाशय, जठर, अंडाशय यांतच जास्त आहेत. सगळ्या एमएसएस लाइन्सशी तुलना केलीत, तर त्यांत मेंदू, त्वचा, रक्त असे सगळे आले. मग तुम्हाला जे सापडेल ते 'आतड्याच्या पेशींना लागणारं जनुक' असू शकतं, एमएसआयशी त्याचा काही संबंध नसेल. म्हणून आतड्याच्या एमएसआय लाइन्सची तुलना आतड्याच्याच एमएसएस लाइन्सशी करा, मग गर्भाशयाच्या गर्भाशयाशी. दोन्ही ठिकाणी टिकलं तर पुढे जा. डब्ल्यूआरएन टिकतं.

तिसरी: ते जनुक त्या पेशीत मुळात चालू आहे का? आरएनएच्या तक्त्यात त्याची पातळी जवळजवळ शून्य असून तोडल्यावर पेशी मरत असेल, तर गाइड आरएनए, म्हणजे कॅस९ला कापायची जागा दाखवणारा रेणू, दुसरीकडेच कुठेतरी काप घडवत असण्याची शक्यता मोठी.

२०१९ मध्ये ब्रॉड आणि सँगरच्या गटांनी 'नेचर'मध्ये हेच दाखवलं. सँगरच्या कामात ३० प्रकारच्या कर्करोगांच्या ३२४ सेल लाइन्स होत्या. त्याच सुमारास औषध कंपन्यांमधल्या आणखी दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं. चार ठिकाणांहून एकच उत्तर येणं या क्षेत्रात सहसा घडत नाही.

याच्या उलट गोष्टही लक्षात ठेवा. २००९ मध्ये केरास हे जनुक बिघडलेल्या पेशींचं वर्म म्हणून एसटीके३३ हे जनुक पुढे आलं होतं. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं, तर तसं काही आढळलं नाही. पहिला शोध आरएनए इंटरफेअरन्सने, म्हणजे जनुक न तोडता त्याचा आरएनए दाबून, झाला होता आणि ते तंत्र अक्षरक्रम थोडाफार जुळणाऱ्या भलत्याच जनुकांनाही दाबतं, ही त्याची जुनी खोड. एकाच तंत्रावर, एकाच लाइनवर भिस्त ठेवू नका.

पायरी ५: स्वतःचा स्क्रीन करायचा असेल तर

स्क्रीन म्हणजे हजारो जनुकं एकेक तोडून बघण्याचा प्रयोग. तुमचा बिघाड डेपमॅपमध्ये नसेल तरच या वाटेला जा. आपल्याकडे अशी गरज खरी आहे. तंबाखू चघळण्यातून होणारा गालाचा आणि हिरडीचा कर्करोग हा आपला मोठा रोग, पण जागतिक संग्रहांत आपल्या रुग्णांतून आलेल्या सेल लाइन्स फार थोड्या. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राकडे एडब्ल्यू-१३५१६, एडब्ल्यू-८५०७, एनटी-८ई अशा लाइन्स आहेत, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत राष्ट्रीय पेशी-संग्रह आहे. अशा लाइन्सवर काम करायला मला मनापासून आवडेल आणि तुम्हीही करावं असं वाटतं.

पण आधी हिशोब मांडा. ब्रुनेलो या लायब्ररीत, म्हणजे गाइडच्या तयार संचात, १९,११४ जनुकांसाठी ७६,४४१ गाइड आहेत, जनुकामागे चार. प्रत्येक गाइड किमान ५०० पेशींत असला पाहिजे, नाहीतर पेशी योगायोगाने हरवल्या की जनुकामुळे, हे सांगता येत नाही. म्हणजे ७६,४४१ गुणिले ५००, सुमारे ३ कोटी ८२ लाख पेशी. एका पेशीत एकच गाइड जावा म्हणून गाइड पेशीत पोचवणारा व्हायरस पातळ ठेवायचा, दहा पेशींमागे तीन कण या हिशोबाने. त्यात जेमतेम २६ टक्के पेशींना लागण होते. म्हणजे सुरुवातीला सुमारे १४ कोटी ७० लाख पेशी हव्यात, आणि हे एका रेप्लिकेटसाठी, म्हणजे प्रयोगाच्या एका आवर्तनासाठी. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये किती फ्लास्क मावतात ते आजच मोजा.

क्रम असा. कॅस९ असलेली सेल लाइन तयार करा आणि ते खरंच कापतं आहे का ते तपासा. लेंटिव्हायरसने लायब्ररी घाला. प्युरोमायसिनने लागण न झालेल्या पेशी काढून टाका. मग दोन ते तीन आठवडे वाढवा, आणि दर वेळी पासेज करताना, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, ३ कोटी ८२ लाखांच्या खाली येऊ नका. प्युरोमायसिननंतर लगेचचा पेशींचा गोळा उणे ८०ला ठेवायला विसरू नका. सुरुवातीचा नमुनाच नसेल, तर शेवटी काय घटलं ते कशाशी ताडणार?

आणखी एक जागा, जिथे चांगले स्क्रीन वाया जातात: पीसीआर, म्हणजे मोजणीसाठी पेशींच्या डीएनएतल्या गाइडच्या प्रती वाढवणं. एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए. ३ कोटी ८२ लाख पेशींचं झालं साधारण २५० मायक्रोग्रॅम. एका पीसीआर नळीत १० मायक्रोग्रॅम घेतलं, तर २५ नळ्या लागतात. विद्यार्थी एक नळी लावतो, बँड सुंदर येतो, सीक्वेन्सिंगही सुंदर येतं. पण दोन-तीन आठवडे राखलेली ५०० पट व्याप्ती (गाइडमागे ५०० पेशी) त्या एका नळीत २० पटीवर आलेली असते. सगळ्या नळ्या लावा, मग एकत्र करा. मोजणीचं विश्लेषण 'मॅजेक'ने करा. मोफत आहे आणि त्यात पद्धत बसवून दिलेली आहे.

लेंटिव्हायरसच्या कामाला बीएसएल-२ सुविधा आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. रुग्णाच्या गाठीचा नमुना वापरणार असाल, तर नैतिकता समितीचीही. हे कागद हातात येईपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून अर्ज आधी आणि प्लाझ्मिडची ऑर्डर नंतर.

पायरी ६: पडताळणी, आणि कापणारा कंट्रोल

डेपमॅपमधून आलेलं असो वा स्वतःच्या स्क्रीनमधून, जनुक हाती लागलं की खरं काम सुरू होतं. सुरुवात सेल लाइनच्या ओळखीपासून. एसटीआर प्रोफाइल (पेशींचा डीएनए-ठसा) करून घ्या आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग नाही ना ते तपासा. दोन्ही चाचण्या स्वस्त आहेत आणि त्या न केल्याची किंमत फार मोठी.

एमएसआय बाजूला एचसीटी-११६, आरकेओ, लोव्हो. एमएसएस बाजूला एसडब्ल्यू-४८०, एसडब्ल्यू-६२०, एचटी-२९. किमान तीनास तीन. जनुकामागे दोन-तीन वेगवेगळे गाइड.

कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठी लावायच्या नमुन्याबद्दल, मी जरा थांबून सांगते, कारण यात माझे स्वतःचे तीन महिने गेले. तेव्हा आम्ही एका वेगळ्याच जनुकावर काम करत होतो. एचसीटी-११६ मंदावत होत्या, एसडब्ल्यू-४८० मस्त वाढत होत्या. आम्हाला वाटलं, सापडलं. आमचा कंट्रोल गाइड मानवी जीनोममध्ये कुठेच न बसणारा होता, म्हणजे तो कापतच नव्हता. एका परिसंवादात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कापणारा कंट्रोल लावला का?" परत येऊन लावला. गुणसूत्रावरच्या एका रिकाम्या, निरुपद्रवी जागी कापणारा गाइड. एचसीटी-११६ त्यानेही जवळपास तितक्याच मंदावल्या. कारण साधं होतं: एचसीटी-११६मध्ये पी५३ शाबूत आहे, म्हणून डीएनएला काप बसला की ती पेशी थांबते. एसडब्ल्यू-४८०मध्ये पी५३ बिघडलेलं, तिला पर्वा नाही. आम्ही वर्म शोधल्याच्या आनंदात पी५३ मोजत बसलो होतो.

म्हणून तीन कंट्रोल लावाच: निरुपद्रवी जागी कापणारा, सगळ्यांना मारणारा, आणि न कापणारा. शिवाय पी५३ काढून टाकलेली एचसीटी-११६ संशोधनात सर्रास वापरली जाते, तीही घ्या. डब्ल्यूआरएनचा परिणाम पी५३ नसतानाही दिसतो, हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा.

पहिला प्रयोग स्पर्धेचा करा. गाइड असलेल्या पेशींना हिरवा रंग, म्हणजे जीएफपी, नसलेल्या बिनरंगी. अर्ध्याला अर्ध्या मिसळा आणि दर तीन-चार दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर हिरव्यांचं प्रमाण बघा. एकाच वेलमध्ये दोघं असल्यामुळे मीडियम, तापमान, हाताचा फरक यांचा प्रश्न येत नाही. दुसरा प्रयोग वसाहतींचा. प्रत्येक वेलमध्ये हजारभर पेशी, दहा ते चौदा दिवस, मग क्रिस्टल व्हायोलेट. सुरुवातीला सांगितलेली प्लेट ती हीच.

प्रथिन खरंच गेलं आहे का, ते वेस्टर्न ब्लॉटवर दाखवा. डब्ल्यूआरएन मोठं प्रथिन आहे, १,४३२ अमिनो आम्लांचं. कमी टक्क्याचं जेल घ्या आणि रात्रभर थंडीत ट्रान्सफर करा. घाईत केलं तर ते जेलमध्येच अडकतं आणि प्रथिन गेल्याचा भास होतो.

पायरी ७: मेलेलं परत जिवंत करून दाखवा

याला रेस्क्यू म्हणतात आणि माझ्या लेखी याच्याशिवाय पुरावा पुरा होत नाही. गाइडला ओळखता येणार नाही अशा अक्षरबदलाने लिहिलेलं डब्ल्यूआरएन पेशीत घालायचं आणि मग मूळ जनुक तोडायचं. पेशी वाचल्या, तर मरणाचं कारण डब्ल्यूआरएनच होतं.

याच प्रयोगातून औषधाची दिशाही मिळते. डब्ल्यूआरएनला दोन हत्यारं आहेत: डीएनएची वेणी उलगडणारं हेलिकेज आणि टोकं कुरतडणारं एक्झोन्युक्लिएज. एक्झोन्युक्लिएज मारून टाकलेलं डब्ल्यूआरएन घातलं तरी एमएसआय पेशी वाचतात. हेलिकेज मारलेलं घातलं तर वाचत नाहीत. म्हणजे औषधाने हेलिकेजच अडवायला हवं. केवढा मोठा निर्णय एका प्लेटवर झाला, बघा.

दुसरा रेस्क्यू बिघाडाचा. एचसीटी-११६मध्ये एमएलएच१ परत घातलं, तर डब्ल्यूआरएनची गरज संपायला हवी, नाही का? प्रयोग झाला, आणि गरज संपली नाही. याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं. एमएसआय पेशींत टीए या दोन अक्षरांच्या पुनरावृत्ती वर्षानुवर्षं लांबत गेलेल्या असतात. त्या लांब तुकड्यांची डीएनएत गाठ बसते, प्रत काढणारी यंत्रणा तिथे अडते, आणि ती गाठ सोडवायला डब्ल्यूआरएन लागतं. ते नसलं की गुणसूत्रांचे तुकडे होतात. दुरुस्ती यंत्रणा आज परत आणली, तरी लांबलेले तुकडे काही आखूड होत नाहीत. त्यामुळे न जमलेला रेस्क्यू दिसला की निराश होऊन वही मिटू नका. पेशी त्यातून काहीतरी सांगत असते.

पायरी ८: निरोगी पेशींचं काय?

इथे निसर्गाने केलेला प्रयोग शोधा. डब्ल्यूआरएन जन्मतःच नसलेली माणसं आहेत. वर्नर सिंड्रोम म्हणतात. अकाली वार्धक्य येतं, कर्करोगाचा धोका वाढतो, आयुष्य साधारण पन्नाशीच्या आसपास संपतं. आजार गंभीर आहे, पण त्या जनुकाशिवाय माणूस मोठा होऊ शकतो, म्हणजे निरोगी पेशी त्याविना तग धरतात. काही काळ औषधाने अडवणं शक्य असावं, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पीआरएमटी५ची कथा याच्या उलट आहे. एमटॅप हे जनुक गमावलेल्या पेशींत पीआरएमटी५ अर्धवट दबलेलं असतं आणि त्या पेशी त्याच्या उरल्यासुरल्या कामावर जगतात, हे २०१६ मध्ये कळलं. पण पहिल्या औषधांनी पीआरएमटी५ सरसकट अडवलं, आणि ते तर निरोगी पेशींनाही हवं. मग एमटॅप नसलेल्या पेशीत साठणारा एमटीए हा रेणू पीआरएमटी५ला चिकटलेला असतानाच बसेल, असं औषध घडवावं लागलं. जनुक तोडणं आणि प्रथिन औषधाने अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून शिका.

पायरी ९: रुग्णापर्यंतची वाट

एमएसआय ओळखायची चाचणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते: गाठीच्या कापावर त्या चार प्रथिनांचे रंग लावून बघायचं, किंवा मायक्रोसॅटेलाइटची लांबी पीसीआरने मोजायची. अशा रुग्णांसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत ते अवयव न बघता, केवळ या खुणेवर मान्य झालं. सगळ्यांना त्याचा गुण येत नाही, म्हणून दुसऱ्या औषधाची गरज आहेच. डब्ल्यूआरएनचं हेलिकेज अडवणारे एचआरओ-७६१ सारखे रेणू माणसांवरच्या चाचण्यांत पोचले आहेत. घरात कुणी आजारी असेल आणि हे वाचून आशा वाटली असेल, तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना एवढंच विचारा: गाठीची एमएसआय चाचणी झाली आहे का? हा प्रश्न आजही उपचार ठरवायला उपयोगी पडतो.

लॅबमधल्यांसाठी मात्र आणखी एक प्रयोग उरतो, आणि तो औषध हातात आल्याच्याच दिवशी सुरू करा. एमएसआय पेशींत चुका दुरुस्त होत नाहीत, म्हणून त्या भराभर बदलतात. औषधातून सुटण्याची वाटही त्या लवकर शोधतील. एचसीटी-११६ औषधाच्या कमी मात्रेत वाढवा, दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा थोडी वाढवा, प्रत्येक टप्प्याच्या दोन व्हायल्स गोठवून ठेवा. शेजारी तेवढेच दिवस, तितक्याच पासेजच्या, फक्त डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्राव) दिलेल्या पेशी चालवा. काही महिन्यांनी औषधातही वाढणाऱ्या वसाहती दिसतील. त्या एकेक उचला आणि आधी डब्ल्यूआरएनचाच डीएनए-क्रम वाचा, औषध जिथे बसतं त्या भागापासून.